अल-बिरुनी : डोंगरावर उभे राहून पृथ्वी मोजणारे आलिम

सोपारा ते ठाणे अंतर किती? आज कुणीही खिशातला मोबाईल काढून सांगेल. पण सुमारे हजार वर्षांपूर्वी गझनीत बसलेल्या एका आलिमने हे अंतर आपल्या किताबात लिहून ठेवले आहे. पश्चिम किनाऱ्यावरची गावे एकामागून एक सांगताना त्यांनी सोपाऱ्याचे नाव घेतले आणि तिथून ठाणे पाच फरसखांवर असल्याचे नोंदवले. एक फरसख साधारण सहा किलोमीटरचा धरतात, म्हणजे झाले तीस किलोमीटर. नकाशावर नालासोपारा आणि ठाणे यांच्यात सरळ रेघ ओढून पाहा, तीही तीसच्याच आसपास भरते. त्याच किताबात मऱ्हाट देशाचा उल्लेख आहे, आणि कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचाही आहे.

हे आलिम म्हणजे अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांची ओळख महमूद गझनवीच्या काळात हिंदुस्तानात आलेला प्रवासी एवढीच असते. खरे तर प्रवासी ही त्यांची सगळ्यात लहान ओळख. दूरची वस्तू हात न लावता, फक्त नजर आणि हिशेब यांच्या जोरावर कशी मोजायची, या एका प्रश्नामागे त्यांनी जवळजवळ सगळी हयात घालवली. आज हेच काम लेसरची उपकरणे करतात. म्हणून ही हयात पुन्हा एकदा नीट वाचायला हवी असे आम्हाला वाटते.

सतराव्या वर्षी पहिली मोजणी

बिरुनींचा जन्म ४ सप्टेंबर ९७३ रोजी, म्हणजे हिजरी ३६२ मध्ये, ख्वारिझ्मच्या काथ या शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो आणि तिथल्या एका शहराला आता त्यांचेच नाव दिलेले आहे. त्यांचे उस्ताद होते अबू नस्र मन्सूर इब्न इराक. ते राजघराण्यातले होते आणि स्वतः मोठे गणिती होते. अशा उस्तादाच्या हाताखाली पोरगा तयार झाला आणि वयाच्या सतराव्या वर्षीच त्याने एक कडे घेऊन दुपारच्या सूर्याची उंची मोजली. कड्यावर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या खुणा होत्या. त्यावरून त्याने काथचा अक्षांश काढला.

पुढे ९९५ मध्ये ख्वारिझ्मात सत्तापालट झाला. जुने घराणे गेले आणि बावीस वर्षांच्या बिरुनींना गाव सोडून पळावे लागले. रय शहरात त्यांनी हलाखीचे दिवस काढले. पण मोजण्याचे वेड सुटले नाही.

९९७ साली त्यांनी एक सुंदर काम केले. त्या वर्षी मे महिन्यात चंद्रग्रहण होते. बगदादमध्ये अबुल वफा नावाचे मोठे गणिती राहत होते. दोघांनी आधीच ठरवून, एकाने काथमधून आणि दुसऱ्याने बगदादमधून, तेच ग्रहण पाहिले. चंद्रग्रहण जिथून दिसते तिथे सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण प्रत्येक गावची वेळ वेगळी असते. दोन्ही गावांच्या वेळेत साधारण एका तासाचा फरक निघाला. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. म्हणजे दोन शहरांमधले पूर्व-पश्चिम अंतर किती अंशांचे, हे दोन माणसांनी आपापल्या गावातून न हलता काढले! ना फोन, ना तार. फक्त पत्रव्यवहार आणि एकमेकांच्या कामावरचा भरवसा.

इसवी सन १००० च्या सुमारास ते गुरगानच्या काबूस राजाकडे होते. तिथे त्यांनी निरनिराळ्या कौमांची कालगणना, सण आणि दिनदर्शिका यांवर आसारुल बाकिया हा मोठा ग्रंथ लिहिला. नंतर ते ख्वारिझ्मला परतले आणि तिथल्या दरबारात मानाने राहिले.

गझनीची कैद आणि पाटीचे उपकरण

१०१७ मध्ये महमूद गझनवीने ख्वारिझ्म जिंकले आणि तिथल्या विद्वानांसोबत बिरुनींनाही गझनीला नेले. त्यांना कैदी म्हणावे की दरबारी, हे सांगणे अवघड आहे. जाण्या-येण्याची मोकळीक नव्हती, पण अभ्यास चालू होता.

दुसऱ्याच वर्षी ते काबूलजवळच्या एका गावात होते. जवळ एकही उपकरण नव्हते. सूर्याची उंची तर मोजायची होती. त्यांनी काय केले? हिशेब करायची पाटी उलटी केली, तिच्या मागच्या बाजूला चाप आखला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या आणि त्यावरच काम भागवले. आमच्या वर्गात कंपासपेटी घरी राहिली म्हणून वही मिटून बसणारी मुले असतात. त्यांना आम्ही हा किस्सा जरूर सांगतो.

गझनीत त्यांच्यापुढे एक प्रश्न होता आणि तो थेट दीनाशी जोडलेला होता. गझनीहून किब्ला नेमका कुठल्या दिशेला? अंदाजाने मशिदी बांधल्या जात होत्या. बिरुनींचे म्हणणे असे की, आधी मक्का आणि गझनी या दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश अचूक हवेत, मग दिशा आपोआप निघेल. या कामासाठी त्यांनी तहदीद नावाचा ग्रंथ लिहिला, तो १०२५ मध्ये पुरा झाला. नमाजेची दिशा शोधता शोधता पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर याच ग्रंथात आहे.

नंदनाचा डोंगर

पृथ्वीचा घेर मोजण्याचे काम त्यांच्याआधी सुमारे दोनशे वर्षे खलिफा मामून यांच्या काळात झाले होते. त्यांची पथके सिंजारच्या सपाट वाळवंटात दोरीने अंतर मोजत सरळ उत्तरेला आणि दक्षिणेला चालत गेली. आकाशात एका अंशाचा फरक पडेपर्यंत ती चालली आणि एका अंशाला ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल असा हिशेब निघाला. बिरुनींनाही गुरगानच्या उत्तरेकडच्या मैदानात हे करून पाहायचे होते. पण माणसे आणि मदत मिळाली नाही, त्यामुळे ते राहून गेले.

मग नंदनाचा किल्ला समोर आला. हा किल्ला आजच्या पाकिस्तानी पंजाबात, झेलम जिल्ह्यात, मिठाच्या डोंगररांगेत आहे. एका बाजूला उंच डोंगर आणि समोर दूरवर सपाट मैदान. बिरुनींच्या लक्षात आले की इथे वाळवंट तुडवायची गरज नाही.

पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी डोंगराची उंची. मैदानात दोन ठिकाणी उभे राहून शिखराकडे पाहायचे, दोन्ही ठिकाणचे उन्नत कोन घ्यायचे आणि त्या दोन जागांमधले अंतर मोजायचे. एवढ्यावरून उंची निघते. ती सुमारे ६५२ हात, म्हणजे साधारण ३२० मीटर आली. मग शिखरावर चढून जमीन आणि आकाश जिथे मिळतात त्या रेषेकडे पाहायचे. पृथ्वी गोल असल्यामुळे ही रेषा नजरेच्या समपातळीपेक्षा किंचित खाली दिसते. किती खाली? तो अवनत कोन त्यांनी ३४ मिनिटे नोंदवला. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणजे हा कोन पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जेमतेम थोडा जास्त. एवढ्याशा कोनावरून त्यांनी काटकोन त्रिकोण मांडला. एक टोक शिखरावर, दुसरे क्षितिजावर, तिसरे पृथ्वीच्या केंद्रात. त्यावरून पृथ्वीची त्रिज्या निघाली सुमारे १ कोटी २८ लाख हात.

किलोमीटरमध्ये हा आकडा आजच्या ६,३७१ च्या अगदी जवळ येतो. पण इथे आपण थोडे थांबायला हवे. त्या काळचा हात नेमका किती लांब धरायचा यावर उत्तर बदलते. शिवाय लांबून येणारा प्रकाश हवेत वाकतो आणि क्षितिज खरे असते त्यापेक्षा जरा वर दिसते. तो हिशेब या पद्धतीत नव्हता. म्हणून उत्तर इतके जवळ येण्यात नशिबाचाही वाटा होता असे अभ्यासक सांगतात. पद्धत मात्र शंभर टक्के खरी होती. आणि बिरुनी स्वतः काय म्हणाले? आपले उत्तर मामूनच्या पथकांच्या उत्तराशी जुळते, त्यांची साधने आपल्यापेक्षा नाजूक होती आणि मेहनतही जास्त होती, म्हणून त्यांचाच आकडा वापरावा, असे त्यांनी लिहून ठेवले. स्वतःच्या शोधापेक्षा दुसऱ्याची मोजणी चांगली आहे हे मान्य करायला मोठे मन लागते.

पाहिलेले वेगळे, ऐकलेले वेगळे

हिंदुस्तानात त्यांनी मन लावून संस्कृत शिकली, पंडितांसमोर बसून ग्रंथ समजून घेतले आणि पतंजलींच्या योगग्रंथाचा अरबीत अनुवाद केला. १०३० च्या सुमारास किताबुल हिंद पुरी झाली. तिचे ८० अध्याय आहेत. सुरुवातच या मुद्द्यावर आहे की डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांचे वजन सारखे नसते, आणि खबर देणारा लोभाने, वैराने किंवा अज्ञानाने खोटे बोलू शकतो. आपण पंजाबातली कोणती ठाणी स्वतः पाहिली आणि त्यापलीकडे गेलो नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. म्हणजे आपले सोपारा त्यांनी पाहिले नव्हते, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून पारखून घेतले होते. ज्या सुलतानाच्या दरबारात ते राहिले, त्याच्या स्वाऱ्यांनी या मुलखाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि इथली विद्या दूर काश्मीर-बनारसकडे निघून गेली, हेही त्यांनी लपवले नाही.

महमूदनंतर मसऊद गादीवर आला. त्याला अर्पण केलेला कानून-ए-मसऊदी हा खगोलशास्त्राचा प्रचंड ग्रंथ. बदल्यात सुलतानाने हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरुनींनी ती परत केली अशी गोष्ट सांगितली जाते. म्हातारपणी नजर आणि कान दोन्ही अधू झाले, तरी औषधी वनस्पतींवरचे काम सुरूच होते. त्यांच्या ग्रंथांची संख्या शंभराच्या पुढे जाते. १०४८ च्या सुमारास गझनीत त्यांचा इंतकाल झाला. अखेरच्या घटकेला भेटायला आलेल्या एका फकीहला त्यांनी वारसाहक्काचा एक मसला विचारला. अशा हालतीत कशाला, म्हणून तो चकित झाला. न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेले बरे, असा बिरुनींचा कल होता. फकीहने मसला समजावला, त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला. फकीह गल्लीत पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला, असे जुन्या चरित्रकारांनी लिहिले आहे.

तिपाईवरचे यंत्र

आपल्या वसई-विरार पट्ट्यात रस्ता किंवा इमारत उभी राहायची असली की मोजणीवाले तिपाईवर एक यंत्र लावून उभे असतात. त्याला टोटल स्टेशन म्हणतात. ते कोन मोजते, हे झाले बिरुनींचे काम. शिवाय ते समोरच्या आरशावर प्रकाशकिरण सोडते आणि परत आलेल्या किरणावरून अंतर काढते. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात फक्त ३० सेंटिमीटर. तेवढा बारीक हिशेब इलेक्ट्रॉनिक घड्याळ ठेवते. आणि गंमत बघा, यंत्रात हवेचे तापमान आणि दाबही भरावे लागतात, कारण हवेत प्रकाशाचा वेग किंचित बदलतो. नंदनाच्या डोंगरावरही हवेनेच हिशेबात ढवळाढवळ केली होती.

हेच तंत्र आकाशाकडे वळवले की त्याला लिडार म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत १९८० च्या दशकापासून लेसरचा झोत हवेत सोडून, धुळीच्या कणांवरून परत येणाऱ्या प्रकाशावरून हवेतले कण अभ्यासले गेले. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वर तर लेसरने चंद्राची उंचसखल जमीन मोजणारे उपकरण होते. शंभर किलोमीटर उंचीवरून, हात न लावता. त्याच चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, पूर्व कडेलगत, एका विवराला अल-बिरुनी हे नाव आहे.

मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये आजकाल प्रत्येक यंत्र आपल्याच बुजुर्गांनी शोधल्याचे लिहिलेले असते. लेसर बिरुनींनी शोधला नाही. तो १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी पेटवला, आणि त्याच वर्षी तेहरानमध्ये जन्मलेल्या अली जावान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वायूचा लेसर तयार केला. ऐकलेले न पारखता पुढे पाठवणे हे तर बिरुनींच्याच शिकवणीविरुद्ध आहे. त्यांचा नुसता अभिमान बाळगला तर त्यांचे काही वाढत नाही आणि आपलेही नाही.

दहावीच्या त्रिकोणमितीत उन्नत कोन आणि अवनत कोन येतात. तिथेच आपली कितीतरी मुले गणित सोडायचे ठरवतात, कारण हे कशासाठी, ते कुणी दाखवत नाही. घरी एक कोनमापक घ्या, त्याला पेन्सिल आडवी बांधा, मधल्या छिद्रातून दोरा सोडून टोकाला खडा लावा. मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी किंवा समोरची इमारत, दोन ठिकाणांहून कोन घेऊन उंची काढायला सांगा. तुंगारेश्वरच्या डोंगरावर गेलात तर पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते, तिच्याकडे बोट दाखवून नंदनाची गोष्ट सांगा. उत्तर दहा हात चुकले तरी चालेल. का चुकले ते मुलाने स्वतः शोधले की बिरुनींचे खरे काम त्याच्या हाती आले. अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.