विजयेला औषधाचे माप देणारा डॉक्टर

भांग म्हटली की महाशिवरात्र आणि होळी आठवते. गांजा म्हटला की पोलिसांचा छापा. रुग्णाच्या वेदनेच्या संदर्भात या वनस्पतीचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. तो संदर्भ आधुनिक वैद्यकापुढे प्रथम ठामपणे मांडला विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी. भारतात तारायंत्राचे जाळे उभारणारा अधिकारी म्हणून ते इतिहासाला अधिक परिचित आहेत.

आयर्लंडमधील लिमरिक हे त्यांचे जन्मगाव. १८२९ मध्ये एडिंबरा येथून वैद्यकीची पदवी घेतल्यावर त्यांनी पटकीच्या रुग्णांच्या रक्ताची तपासणी केली आणि शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत भरून काढले पाहिजेत, असा निष्कर्ष काढला. आजच्या सलाईनचे मूळ या विचारात आहे. १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कोलकात्यात आले आणि पुढे तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आयुर्वेदात ‘विजया’ म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. ओशॉनेसी यांनी त्यांच्याकडून माहिती घेतली, आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मगच मोजक्या मात्रेत रुग्णांना अर्क दिला. १८३९ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. धनुर्वाताचे काही रुग्ण वाचले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने आजारी पडलेल्या रुग्णाचा मृत्यू टळला नाही. पण त्याच्या यातना कमी झाल्या. आकडीने बेजार झालेले अवघ्या ४० दिवसांचे अर्भक बरे झाले. अतिमात्रेचे दुष्परिणामही त्यांनी लपवले नाहीत.

१८४० च्या दशकात त्यांच्यामुळे हे औषध लंडनच्या औषधविक्रेत्यांपर्यंत पोहोचले. पुढे त्यांनी तारायंत्राचे काम हाती घेतले आणि १८५५ पर्यंत कोलकाता, आग्रा, मुंबई व मद्रास तारेने जोडले गेले. १८५६ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने ११९३ साक्षी नोंदवून सरसकट बंदीस नकार दिला. मात्र अर्काची अनिश्चित तीव्रता, नव्या औषधांची स्पर्धा आणि विसाव्या शतकातील कडक कायदे यांमुळे हे औषध मागे पडले. अमेरिकेच्या औषधकोशातून ते १९४२ मध्ये वगळले गेले. त्याच अमेरिकेत २०१८ मध्ये मुलांच्या दुर्धर अपस्मारावर या वनस्पतीतील कॅनाबिडिओल या घटकाचे औषध मंजूर झाले. अर्भकाच्या आकडीवरील कोलकात्यातील त्या उपचारानंतर पावणेदोन शतकांनी हे वर्तुळ पूर्ण झाले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने विनापरवाना गांजा बाळगणे गुन्हा ठरवले. पण वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाचे दार बंद केले नाही. झाडाच्या शेंड्याविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. कोलकाता असो वा धाराशिव, हा केंद्रीय कायदा सर्वत्र सारखाच लागू आहे. व्यसनाला आळा घालताना रुग्णाची ही कायदेशीर वाट बुजू नये, यासाठी लागणारे साधन ओशॉनेसी यांनी १८३९ मध्येच दाखवले होते: मोजलेली मात्रा, प्रामाणिक नोंद आणि डॉक्टरची देखरेख.