विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (२७ एप्रिल १८९९ – ७ मार्च १९७१) हे मुंबईतील ख्यातनाम स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक होते. गर्भाशयग्रीवा वेळेआधी उघडल्यामुळे होणारा गर्भपात टाळण्यासाठी त्यांनी योजलेली शस्त्रक्रिया जगभर ‘शिरोडकर टाका’ या नावाने ओळखली जाते.

जीवन

शिरोडकरांचा जन्म गोव्यातील शिरोडा या गावी झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९२३ साली एम.बी.बी.एस. आणि १९२७ साली एम.डी. झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवून ते मुंबईस परतले. पुढे जे. जे. रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया केल्या व ग्रँट महाविद्यालयात प्रसूतिशास्त्राचे अध्यापन केले.

शिरोडकर टाका

काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फारशा वेदना न होता गळून पडतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेस तेच घडते. अशा स्त्रीच्या वाट्याला त्या काळी विश्रांती, औषधे आणि बहुधा घरच्यांचे टोमणे येत. यांपैकी अनेकींच्या बाबतीत दोष गर्भात नसून ग्रीवेच्या आतल्या मुखाच्या दुबळेपणात आहे, हे ओळखून शिरोडकरांनी त्यावरील उपाय १९५५ साली मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या मासिकातून प्रसिद्ध केला.

ही शस्त्रक्रिया समजून घेण्यासाठी शरीररचनाशास्त्रातील दिशावाचक संज्ञा आधी नीट ध्यानात घ्याव्या लागतात. या संज्ञा ताठ उभ्या, तळहात पुढे केलेल्या मनुष्यावरून ठरलेल्या आहेत. पोटाकडील बाजू ती अग्र, पाठीकडील ती पश्च, डोक्याकडील ती ऊर्ध्व आणि पायांकडील ती अधर. रुग्ण कोणत्याही स्थितीत असला तरी त्या बदलत नाहीत. या शस्त्रक्रियेत स्त्री उताणी असते व तिचे पाय वर उचलून आधारावर ठेवलेले असतात. त्यामुळे अग्र बाजू छताकडे येते, पश्च बाजू मेजाकडे जाते आणि पायांशी बसलेल्या शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने ऊर्ध्व म्हणजे अधिक खोल. नवख्या विद्यार्थ्याची गफलत होते ती नेमकी येथे.

ग्रीवेची लांबी साधारणतः ३ ते ४ सेंटिमीटर. तिचे बाहेरचे मुख योनिमार्गात डोकावते, तर आतले मुख ऊर्ध्व टोकाला असते. अग्र बाजूस मूत्राशय तिला लगटून असतो आणि पश्च बाजूस मलाशय जवळच असतो. म्हणून शिरोडकर प्रथम अग्र बाजूस आडवा छेद घेऊन मूत्राशय सोडवीत व ऊर्ध्व दिशेस सरकवीत. नंतर पश्च बाजूस दुसरा छेद घेत आणि दोन्ही छेदांना जोडणारी पट्टी श्लेष्मल आवरणाखालून, आतल्या मुखाच्या पातळीवर, ग्रीवेभोवती फिरवीत. ही पट्टी रुग्णाच्याच मांडीच्या बाह्य बाजूच्या प्रावरणीतून काढलेली असे. पुढे तिच्या जागी कृत्रिम धाग्याची फीत आली.

१९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयन मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशय न सोडविता घालावयाचा सोपा टाका सुचविला. तो करावयास सुलभ असल्याने अधिक प्रचलित झाला, पण ग्रीवेवर किंचित अधर पातळीवर बसतो. आतल्या मुखापर्यंत पोहोचणे हाच शिरोडकरांच्या पद्धतीचा विशेष होय.

इतर शस्त्रक्रिया

गर्भाशय खाली सरकण्याच्या विकारावर त्यांनी उदरमार्गे करावयाची शस्त्रक्रियाही योजली. तीत ग्रीवेच्या ऊर्ध्व भागाची पश्च बाजू पट्टीने त्रिकास्थीच्या पुढे आलेल्या कडेशी बांधून गर्भाशय तोलून धरतात. डाव्या बाजूस मोठ्या आतड्याचा वळणदार भाग असल्याने तेथील पट्टी त्याच्यामागून न्यावी लागते. येथे डावी म्हणजे रुग्णाची डावी. समोर उभ्या असलेल्याची नव्हे.

सन्मान

‘काँट्रिब्यूशन्स टू ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’ हा त्यांचा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले.