सुभेदार रामजी सकपाळ : बाप असावा तर असा

लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईला आले, ते मुलांच्या शिक्षणासाठी. परळच्या डबक चाळीत एकच खोली. अभ्यासाला शांतता कुठली? मग रामजी भीमरावांना लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोन वाजता त्यांना उठवून अभ्यासाला बसवायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणत, गहाण ठेवत. पण पुस्तक घरात यायचंच! १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, पुढे पदवीधरही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला शिकायला गेला. ते पाहणं वडिलांच्या नशिबी नव्हतं.

पालकहो, फळ दिसेल की नाही हे ठाऊक नसतानाही मुलासाठी रोज जागणं, यालाच बापपण म्हणायचं ना?