तबकडीवर रेघ मारणारा माणूस : एमिल बर्लिनर

मित्रांनो, ग्रामोफोनचा शोध कोणी लावला असं वर्गात विचारलं, तर निम्मे हात एडिसनच्या नावाने वर जातील. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांनीच तसं शिकवलंय, त्याला आपण तरी काय करणार! एडिसनने १८७७ साली बोलतं यंत्र केलं हे खरं. पण ते होतं फोनोग्राफ, आणि त्यात फिरायचं ते नळकांडं. सपाट गोल तबकडी, तिच्यावर आत आत सरकत जाणारी नागमोडी रेघ, आणि एका साच्यातून काढलेल्या हजारो प्रती, ही सगळी कल्पना ज्याची, त्याचं नाव एमिल बर्लिनर. आपल्या रूमच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या सीडीचा हा पणजोबाच म्हणा ना. त्याचं चरित्र मी का वाचायला घेतलं त्यालाही एक कारण आहे. ते ओघात येईलच.

एमिलचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. ज्यू कुटुंब, खाणारी तोंडं भरपूर, मिळकत बेताची. चौदाव्या वर्षी शाळा संपली. आधी छापखान्यात उमेदवारी केली, मग कापडाच्या दुकानात नोकरी. दिवसभर कापड मोजताना पोराचं लक्ष मात्र कापड विणलं कसं जातं याच्याकडे. तिथेच त्याने विणकामाच्या यंत्रात एक सुधारणा सुचवली. आपल्याकडे अशा पोराला कामात लक्ष नाही म्हणून बोलणी बसतात!

१८७० साली प्रशिया आणि फ्रान्सच्या युद्धाचं सावट होतं. सैन्यात जायची पाळी येऊ नये म्हणून एमिल अमेरिकेला निघून गेला. वॉशिंग्टनमध्ये घरच्यांच्या ओळखीच्या एका माणसाच्या दुकानात पुन्हा कापडच. तीन वर्षांनी तो न्यूयॉर्कला आला. दिवसा मिळेल ते काम, रात्री कूपर इन्स्टिट्यूटचे वर्ग आणि वाचनालय. कॉन्स्टंटिन फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याने बाटल्या धुतल्या. पुढे सॅकरिन शोधणारा तोच हा फालबर्ग. कुठल्याही विद्यापीठाची डिग्री बर्लिनरने नोकरीसाठी कधी दाखवली नाही. कारण ती नव्हतीच.

१८७६ मध्ये बेलचा टेलिफोन आला आणि या कापड दुकानातल्या कारकुनाला टेलिफोनने पछाडलं. बेलच्या यंत्रात एक मोठी अडचण होती. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच वीज तयार व्हायची, त्यामुळे करंट अगदी दुबळा आणि लांबवर आवाज पोचायचा नाही. एका तारमास्तराशी गप्पा मारताना बर्लिनरला कळलं की लांबच्या तारेला की जोरात दाबावी लागते, दाब वाढला की करंट जास्त जातो. झालं! पडद्याला नुसती टेकलेली धातूची घुंडी ठेवायची. पडदा थरथरला की स्पर्शाचा दाब बदलतो, दाबाबरोबर रोध बदलतो, आणि बॅटरीचा करंट आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो. आवाजाने वीज बनवायची नाही, फक्त विजेचा नळ उघडबंद करायचा. भाड्याच्या खोलीत, फालतू सामानातून त्याने हे जमवलं आणि एप्रिल १८७७ मध्ये पेटंट कचेरीत नोंद केली. पुढच्या वर्षी बेल कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं. या शोधावरून एडिसनशी जो वाद लागला तो कोर्टात वर्षानुवर्षे चालला, आणि कार्बन ट्रान्समीटरचं श्रेय शेवटी एडिसनकडे गेलं. पण सैल स्पर्शाची कल्पना घेऊन हा बाटल्या धुणारा पोरगा इंजिनिअर झाला, ते कोणाला पुसता आलं नाही.

काही वर्षांनी नोकरी सोडून तो वॉशिंग्टनला परतला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. आता विषय होता आवाज साठवायचा. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये सुई वरखाली होऊन कथलाच्या वर्खात, नंतर मेणात, खड्डे पाडायची. त्यात दोन पंचाईती होत्या. आवाज मोठा झाला की सुईला जास्त खोल खणावं लागे, म्हणजे जोर लागे आणि आवाज बिघडे. दुसरं म्हणजे नळकांड्याची प्रत सहज काढता येत नसे. गायकाला तेच गाणं पुन्हापुन्हा गायला लागे. बर्लिनरने जुन्या एका यंत्राकडे पाहिलं. १८५७ साली फ्रान्समध्ये स्कॉट नावाच्या माणसाने काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ काढून दाखवली होती. ती फक्त बघायची, वाजवायची नव्हे. बर्लिनर म्हणजे ती रेघ वाजवणारा माणूस. सुई वरखाली न हलता डावीउजवीकडे हलेल, खोली सगळीकडे सारखी राहील. शिवाय वाजवताना खाचेच्या दोन भिंतीच सुईला पुढे ओढत नेतील, वेगळा स्क्रू लागणारच नाही. ८ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याला ग्रामोफोनचं पेटंट मिळालं.

पण खाच पाडायची कशी? इथे मला त्याचं डोकं सगळ्यात जास्त आवडतं. खणायचं काम त्याने सुईला दिलंच नाही! जस्ताची गुळगुळीत तबकडी घ्यायची, तिच्यावर बेंझिनमध्ये विरघळवलेल्या मधमाशीच्या मेणाचा पातळ थर द्यायचा. सुईने फक्त तो थर ओरखडायचा, त्याला काहीच जोर लागत नाही. मग तबकडी क्रोमिक ॲसिडमध्ये बुडवायची. मेण आहे तिथे ॲसिड शिरत नाही, ओरखडा आहे तिथे जस्त खाल्लं जातं आणि खाच तयार. छापखान्यात चित्रांचे जस्ताचे ब्लॉक असेच ॲसिडने कोरत. लहानपणची छापखान्यातली उमेदवारी वाया गेली नाही असं मला वाटतं. पुढे या जस्ताच्या तबकडीवरून इलेक्ट्रोप्लेटिंगने उलटा साचा काढायचा आणि त्याने ठसे मारत जायचं. १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने हे सगळं जाणकारांपुढे करून दाखवलं.

त्याच्या पहिल्या विक्रीच्या तबकड्या जर्मनीत खेळणं म्हणून निघाल्या. त्यांचा व्यास जवळपास साडेबारा सेंटिमीटर. आपल्या सीडीचा किती? बारा!

आता माझं कारण सांगतो. माझं गाव बपेरा, तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं. आमच्याकडे सीडीचा उपयोग म्हणजे धानाच्या बांधीत दोरीला टांगून पाखरं हाकलणे. घरी एक सूटकेससारखा रेकॉर्ड प्लेअरही आहे, आबाजींच्या वेळचा. आबाजी दंडारीत गायचे. मंडईत त्यांचा आवाज भोंग्याशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. ते गेले तेव्हा त्यांच्या आवाजाचा आमच्याकडे एकच तुकडा उरला होता, कोणाच्या तरी मोबाईलमधला, दोन मिनिटांचा. त्यांच्या वेळच्या प्लेअरवर त्यांचाच आवाज वाजला पाहिजे, असं डोक्यात बसलं.

मग हॉस्टेलमध्ये मित्रांच्या मदतीने खटपट सुरू झाली. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट. चकाकणाऱ्या बाजूने प्लास्टिकचा जाड थर असतो, खाच तिथे पाडायची. छापील बाजूला धातूचा पापुद्रा लगेच सुटतो. सीडीचं भोक १५ मिलिमीटरचं आणि प्लेअरची खुंटी सातची, म्हणून वर्कशॉपच्या लेथवर नायलॉनचं बुश काढलं. जुन्या स्पीकरच्या कॉईलला सुई चिकटवली आणि तिला ॲम्प्लिफायर जोडला. सुई आडवी सरकवायला १ मिलिमीटर पिचचा आट्यांचा रॉड आणि मिनिटाला १० फेऱ्यांची गिअर मोटर. हिशेब सोपा आहे. ४५ फेऱ्यांच्या वेगाला दर फेरीत सुई ०.२२ मिलिमीटर आत सरकते. वापरायची पट्टी २३ मिलिमीटरची, म्हणजे २ मिनिटं १८ सेकंद. आबाजींना पुरेल एवढी!

बर्लिनरचं म्हणणं मला तिथे पटलं. आमची सुई प्लास्टिक दाबून खाच उठवत होती, आणि जोर वाढवला की टर्नटेबल मंद व्हायचा, मग वाजवताना सूर वर चढायचा. त्याने सुईचा जोर ॲसिडकडे का सोपवला ते पुस्तकातून कळलं नव्हतं, ते इथे कळलं. आम्ही टेबललॅम्पने सीडी कोमट केली, बाहेरून जादा मोटर लावली, मग जमलं. आतल्या कडेला आवाज जास्त बोदा येतो त्याचंही गणित आहे. ३००० हर्ट्झची एक लाट बाहेरच्या कडेला ०.०९ मिलिमीटर लांब बसते, आत जाईपर्यंत तिला ०.०५५ मध्येच मावावं लागतं. खरखर भरपूर आहे. पण आई ऐकत बसली आणि दुसऱ्या ओळीला तिने आवाज ओळखला. असो. आपण बर्लिनरकडे वळू.

अमेरिकेत त्याने १८९४ मध्ये सात इंची तबकड्या विकायला काढल्या. सुरुवातीला त्या कडक रबराच्या होत्या. रबर सपाट राहीना, म्हणून बटणं बनवणाऱ्या कारखान्याकडून लाखेचं मिश्रण घेतलं. ही लाखेची तबकडी पुढे पन्नासेक वर्षं जगभर चालली. यंत्र हाताने फिरवावं लागे, त्यामुळे गाणं कधी घाईत तर कधी झोपेत! १८९६ मध्ये एल्ड्रिज जॉन्सन नावाच्या मेकॅनिकने त्याला स्प्रिंगची मोटर करून दिली आणि धंदा उभा राहिला.

आणि इथेच त्याला सगळ्यात मोठा फटका बसला. विक्रीचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तो फ्रँक सीमन प्रतिस्पर्ध्याला मिळाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १९०० साली बर्लिनरला अमेरिकेत स्वतःचाच ग्रामोफोन विकायला मनाई झाली. विचार करा. शोध आपला, पेटंट आपलं, आणि दुकान बंद! जॉन्सनने पुढे १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली आणि ती अफाट वाढली. बर्लिनरने आपला मुक्काम कॅनडात मॉन्ट्रियलला हलवला. रेकॉर्डवरचा तो कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आपण सगळ्यांनी पाहिलाय. ते चित्र फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचं, आणि अमेरिकेत त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद १९०० मध्ये बर्लिनरनेच केली.

आपल्या देशापर्यंत त्याचा हात पोचला तो त्याच्या शिष्यामार्फत. फ्रेड गायसबर्ग हा तरुण बर्लिनरकडे पियानो वाजवायला आणि रेकॉर्डिंगला मदत करायला होता. तो पुढे लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला आणि १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन त्याने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्या तबकड्या छापायला गेल्या कुठे? बर्लिनर बंधूंच्या हॅनोव्हरच्या कारखान्यात! १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. बालगंधर्वांपासून अब्दुल करीम खाँपर्यंत ज्यांना आपण प्रत्यक्ष कधीच ऐकू शकलो नसतो, त्यांचा आवाज आपल्याला मिळाला तो या आडव्या नागमोडी रेघेमुळे.

दुसरा कोणी असता तर कडवट झाला असता. बर्लिनर दुसऱ्या कामाला लागला. १९०० च्या सुमारास त्याची लहान मुलगी पोटाच्या आजाराने मरता मरता वाचली. दूषित दुधाने मुलं दगावतात हे लक्षात आल्यावर त्याने दूध तापवून, निर्जंतुक करूनच द्यावं यासाठी वर्षानुवर्षे पदरमोड करून प्रचार केला. मुलगा हेन्रीबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोग केले, सभागृहात आवाज घुमू नये म्हणून भिंतीच्या खास फरश्याही बनवल्या. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला. वय ७८.

एक योगायोग सांगून थांबतो. जगातली पहिली बाजारू सीडी १७ ऑगस्ट १९८२ रोजी तयार झाली. गाव लँगेनहागेन, बर्लिनरच्या हॅनोव्हरला अगदी लागून, आणि कारखाना त्याने भावाबरोबर काढलेल्या कंपनीच्या वारशातला. म्हणजे सीडीवर सुईने रेघ मारणारा कोणी काही वेडेपणा करत नाही, लेकराला पणजोबाच्या भेटीला नेतो इतकंच.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की भंगारवाल्याला सीड्या देण्याआधी दोन गोष्टी करा. एक सीडी बाजूला ठेवा. आणि घरातलं जे म्हातारं माणूस अजून गातं, बोलतं, गोष्टी सांगतं, त्याचा आवाज आधी धरून ठेवा. मशीन आपलं वर्कशॉप करून देईल, आवाज नाही देणार.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मु. बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा)