झेंगर : दुसऱ्यांचे शब्द छापून तुरुंगात

जर्मनीतल्या पॅलाटिनेट भागातली माणसं लढाया आणि १७०९ च्या जीवघेण्या हिवाळ्याला कंटाळून देश सोडत होती. १७१० मध्ये त्यांतली काही हजार इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला निघाली. जॉन पीटर झेंगर तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा. वडील जहाजावरच वारले. गव्हर्नर हंटरने अशा मुलांना कारागिरांकडे उमेदवारीला लावलं. झेंगर विल्यम ब्रॅडफर्डच्या छापखान्यात आठ वर्षं बांधला गेला. (आपण चार वर्षांतच रडतो!)

पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला. १७३३ मध्ये गव्हर्नर कॉस्बीच्या विरोधकांनी त्याच्याकडून 'न्यूयॉर्क वीकली जर्नल' छापून घ्यायला सुरुवात केली. लिहिणारे जेम्स अलेक्झांडरसारखे बडे वकील, पण लेखाखाली त्यांचं नाव नाही. अंकावर नाव फक्त छापणाऱ्याचं. म्हणून नोव्हेंबर १७३४ मध्ये उचललं ते झेंगरला. जामीन त्याच्या ऐपतीबाहेरचा, त्यामुळे जवळजवळ नऊ महिने तो आतच.

मला खरी ग्रेट वाटते ती त्याची बायको अ‍ॅना. तुरुंगाच्या दारातल्या भोकातून नवऱ्याशी बोलायचं आणि घरी येऊन अंक काढायचा. अख्ख्या काळात एकच अंक चुकला.

ऑगस्ट १७३५ मध्ये खटला उभा राहिला. तेव्हाच्या कायद्यात मजकूर खरा असणं हा बचावच नव्हता. फिलाडेल्फियाहून आलेल्या म्हाताऱ्या अँड्र्यू हॅमिल्टनने छापल्याचं सरळ कबूल केलं आणि खऱ्याला शिक्षा द्यायची का, हे ज्युरीवर सोडलं. ज्युरीने झटकन निर्दोष म्हटलं. कायदा मात्र तसाच राहिला.

झेंगर १७४६ मध्ये गेला. छापखाना आधी अ‍ॅनाने चालवला, मग पहिल्या बायकोच्या मुलाने, जॉनने.