पोलीन व्हियार्दो : गायिका व गायनगुरु

देवळांतील गायनमंडळ उठून गाऊं लागलें कीं सर्वांचें लक्ष गाणाराकडे जातें. पेटीवर बसलेल्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. पोलीन गार्सिया ही युरोपांतील नामांकित गायिका प्रथम त्या दुसऱ्या जागेवर बसून शिकली, आणि आमच्या मतें तिच्या कलेचें मर्म तेथेंच आहे.

तिचा जन्म पॅरिस येथें १८ जुलै १८२१ रोजीं एका स्पॅनिश गवयी घराण्यांत झाला. बाप मान्युएल गार्सिया थोर गायक व तितकाच कडक गुरु. तो शिष्यांस तालीम देई तेव्हां लहानगी पोलीन पियानोवर साथ करी. गळा कसा तयार होतो व कोठें अडतो, हें तिनें स्वतः गाण्यापूर्वींच ऐकून घेतलें. पुढें ती प्रसिद्ध वादक लिस्ट ह्याजवळ शिकली. पियानोवादकच व्हावें हा तिचा मनोदय होता. परंतु १८३२ सालीं बाप वारला, आणि १८३६ सालीं वडील बहीण मारिया मालिब्रान, जिच्या गाण्यानें युरोप वेडा झाला होता, घोड्यावरून पडल्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं २८ व्या वर्षीं निवर्तली. घराण्याचें गाणें चालावें म्हणून आईनें धाकटीस पियानो बाजूस ठेवावयास लावला. मुलीनें ऐकलें, पण जड अंतःकरणानें.

१८३९ मध्यें लंडन येथें रॉसिनीच्या ‘ऑथेल्लो’ ह्या संगीतनाटकांत ती रंगभूमीवर आली. दुसऱ्याच वर्षीं लुई व्हियार्दो ह्या विद्वान गृहस्थाशीं तिचा विवाह झाला. येथून पुढें आम्ही तीस बाई म्हणूं.

पोलंडचा थोर वादक शोपां बाईंबरोबर पियानोवर बसत असे. त्याच्या कांहीं माझुर्का बाईंनीं गळ्यावर बसविल्या. १७ ऑक्टोबर १८४९ रोजीं तो वारला. अंत्यविधि पॅरिसच्या मादलेन देवळांत व्हावयाचा, आणि मोझार्टची मृतांसाठीं असलेली मिस्सा गावयाची. तेथें स्त्रियांनीं गाण्याची चाल नव्हती. अखेर परवानगी मिळाली, पण काळ्या पडद्याआड उभें राहण्याच्या अटीवर. ३० ऑक्टोबरला लोकांनीं तो स्वर ऐकला; गाणारी कोणास दिसली नाहीं.

१८५९ पासून पुढें ग्लुकच्या ‘ऑर्फे’चे शंभराहून अधिक प्रयोग झाले. न झेपणाऱ्या भूमिकाहि बाईंनीं घेतल्या होत्या, त्याचें मोल गळ्यानें दिलें. १८६३ सालीं, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षीं, त्यांनीं रंगभूमी सोडली व जर्मनींतील बाडेन-बाडेन येथें शिकवणी मांडली. दूरदूरच्या मुली तेथें येत. बाई स्वतः पियानोवर बसून तालीम देत, आणि आपल्यासारखें सर्व कांहीं गाऊं नका, असें शिष्यांस बजावीत. स्वतःची चूक अशी उघड शिकविणारा गुरु विरळाच! १८७० च्या युद्धामुळें तें घर सुटलें. १८७१ पासून १८७५ पर्यंत त्यांनीं पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयांत गायन शिकविलें.

१९०४ सालीं, ८२ व्या वर्षीं, सिंड्रेलाच्या गोष्टीवरील त्यांचें छोटें संगीतनाटक पॅरिसला झालें. साथीस वाद्यवृंद नव्हता, एकटा पियानो होता. १८ मे १९१० रोजीं त्या वारल्या. कारागीर कावाये-कोल ह्यानें बांधलेला त्यांच्या घरचा ऑर्गन पुढें फ्रान्समधील मेलुं येथील नोत्र-दाम देवळांत गेला, आणि आजहि तो तेथेंच आहे.