सय्यद अब्दुल रहीम

सय्यद अब्दुल रहीम (१७ ऑगस्ट १९०९ – ११ जून १९६३) हे भारतीय फुटबॉल प्रशिक्षक, क्रीडा संघटक आणि शिक्षक होते. खेळाडूंमध्ये ते रहीमसाहेब या नावाने ओळखले जात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक जिंकले, तर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला तो पहिला आशियाई संघ होता. १९५० ते १९५४ या काळात मुंबईतील रोव्हर्स चषक सलग पाच वेळा जिंकणाऱ्या हैदराबाद सिटी पोलीस संघाचेही ते प्रशिक्षक होते. १९५१ ते १९६२ हा काळ भारतीय फुटबॉलचे सुवर्णयुग मानला जातो आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने रहीम यांना दिले जाते.

पार्श्वभूमी

रहीम यांच्या आयुष्याचा मोठा भाग ज्या हैदराबाद संस्थानात गेला, त्यात तेलुगू, कन्नड आणि मराठी असे तीन भाषिक प्रदेश होते. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांचा मराठवाडा त्याचाच भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले, तरी हैदराबाद राज्याची ही रचना १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकून राहिली. उच्च शिक्षणाची व्यवस्थाही एकच होती. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत औरंगाबादेतील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. रहीम हे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते.

प्रारंभिक जीवन व शिक्षकी पेशा

रहीम यांचा जन्म हैदराबाद येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळले. आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ‘इलेव्हन हंटर्स’ या संघातून, तसेच स्थानिक साखळी स्पर्धेतील ‘कमर क्लब’कडूनही ते खेळले. पदवी घेतल्यानंतर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि काचीगुडा माध्यमिक शाळा, दारुल उलूम, चादरघाट आदी शाळांत अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवून त्यांनी शाळांतील खेळांची जबाबदारी स्वीकारली.

शिक्षकी पेशाचा त्यांच्या प्रशिक्षणावर खोल परिणाम झाला. खेळाडूची उणीव हेरून तिच्यासाठी वेगळा सराव आखणे, साधी गोष्ट अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेणे आणि रागावण्यापेक्षा समजावून सांगण्यावर भर देणे ही त्यांच्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. या पदामुळे प्रशिक्षण आणि स्पर्धांचे आयोजन या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती आल्या.

प्रशिक्षण पद्धती

त्या काळी भारतात चेंडू पायाशी खेळवत एकट्याने पुढे जाण्याच्या कौशल्याला फार मान होता. प्रेक्षकांना ते आवडे, मात्र त्यामुळे सांघिक खेळ मंदावत असे. रहीम यांनी यावर उपाय म्हणून किशोरवयीन खेळाडूंसाठी वेगळ्या नियमांच्या स्पर्धा भरवल्या. काही स्पर्धांत चेंडू घेऊन पळण्यास मनाई असे. त्यामुळे चेंडू मिळताच तो सहकाऱ्याकडे देणे भाग पडे. काही स्पर्धांत केवळ कमकुवत पायाचा, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत डाव्या पायाचा, वापर करण्याची सक्ती असे. अशा स्पर्धांतून दोन्ही पायांनी खेळणारे आणि एका स्पर्शात चेंडू पुढे देणारे खेळाडू तयार झाले.

संघरचनेतही त्यांनी बदल केले. त्या वेळी जगभर तीन बचावपटूंची रचना रूढ होती. मध्य आघाडीपटूला मागे खेचून प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला गोंधळात टाकण्याचे तंत्र हंगेरीच्या संघाने १९५३ मध्ये इंग्लंडविरुद्ध वेम्बली येथे यशस्वी करून दाखवले. चार बचावपटू, दोन मधले खेळाडू आणि चार आघाडीपटू ही ४-२-४ रचना ब्राझीलच्या १९५८ मधील विश्वचषक विजयानंतर सर्वत्र पोहोचली. या रचनेशी मिळतेजुळते प्रयोग रहीम यांनी त्यापूर्वीच भारतीय संघात केले होते, असे फुटबॉलचे अभ्यासक नोंदवतात.

हैदराबाद सिटी पोलीस आणि रोव्हर्स चषक

दक्षिण अमेरिकेत फुटबॉलची वाढ साखळी स्पर्धांच्या आधाराने झाली. अर्जेंटिनात १८९१ मध्ये, उरुग्वेत १९०० मध्ये आणि ब्राझीलमधील साओ पाउलो येथे १९०२ मध्ये साखळी स्पर्धा सुरू झाल्या. त्यामुळे तेथील क्लबांचे मोजमाप संपूर्ण हंगामातील कामगिरीवरून होत असे. भारतातही शहरांच्या साखळी स्पर्धा होत्या. मुंबईची हारवूड लीग १९०२ मध्येच सुरू झाली होती. मात्र संपूर्ण देशाची साखळी स्पर्धा १९९६ पर्यंत अस्तित्वात नव्हती. त्यामुळे एका प्रांतातील संघाला देशभरात नाव मिळवायचे असेल, तर मुंबईचा रोव्हर्स चषक, दिल्लीचा ड्युरँड चषक आणि कोलकात्याची आय.एफ.ए. शील्ड या बाद पद्धतीच्या स्पर्धा जिंकणे आवश्यक असे.

रहीम यांनी १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षी संघाने रोव्हर्स चषक जिंकला आणि पुढील चार वर्षे तो आपल्याकडेच राखला. रोव्हर्स ही १८९१ पासून चालत आलेली स्पर्धा असून तिचे सामने मुंबईतील कूपरेज मैदानावर होत. बाद स्पर्धेत एका वाईट दिवसानेही आव्हान संपुष्टात येते. म्हणूनच सलग पाच विजेतेपदे हे संघाच्या सातत्याचे मोठे प्रमाण मानले जाते. १९५० मध्ये दीर्घ खंडानंतर पुन्हा सुरू झालेल्या ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत या संघाने कोलकात्याच्या मोहन बागानला पुनर्सामन्यात हरवले. १९५४ आणि १९५७ मध्येही त्याने ड्युरँड चषक जिंकला. नूर मोहम्मद, अझीझ आणि मोईनुद्दीन हे या संघातून पुढे आलेले खेळाडू भारताकडूनही खेळले.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक

दिल्लीत मार्च १९५१ मध्ये झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील या संघाने अंतिम सामन्यात साहू मेवालाल यांच्या गोलमुळे इराणवर १-० असा विजय मिळवला.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला. भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळत होते. थंड आणि ओलसर मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. या पराभवानंतर भारतात बूट घालून खेळणे बंधनकारक करण्यात आले. रहीम यांनी पुढील काही वर्षे बूट घालून वेगाने खेळणारा, सहकाऱ्याकडे तत्परतेने चेंडू देणारा संघ बांधण्यात घालवली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या प्रयत्नांना यश आले. हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मूळचे गोव्याचे आणि मुंबईतून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई फुटबॉलपटू ठरले. उपांत्य फेरीत भारताची गाठ पुन्हा युगोस्लाव्हियाशी पडली. डिसूझा यांच्या गोलमुळे भारताने उत्तरार्धात आघाडीही घेतली. ही आघाडी टिकली नाही आणि सामना १-४ असा हातचा गेला, परंतु चार वर्षांपूर्वीच्या दहा गोलांशी तुलना केल्यास संघाची प्रगती स्पष्ट होते. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले.

मेलबर्नच्या सामन्यांपूर्वी काही आठवडे हैदराबाद राज्याचे विभाजन झाले होते. औरंगाबादसह मराठवाड्याचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाले. फुटबॉलच्या संघटना प्रांतवार असल्याने मराठवाडा हैदराबादच्या क्रीडाव्यवस्थेपासून वेगळा झाला. नेमक्या याच सुमारास, १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत, हैदराबादने अंतिम फेरीत मुंबईला हरवून संतोष चषक जिंकला.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू हे बलाढ्य संघ होते. हंगेरीविरुद्ध भारत १-२ असा थोडक्यात हरला. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या गोलमुळे मिळालेली आघाडी अखेरच्या टप्प्यात निसटली आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. दक्षिण अमेरिकेच्या पेरूकडून भारताचा १-३ असा पराभव झाला. हंगेरी आणि पेरूविरुद्धचे भारताचे दोन्ही गोल तुलसीदास बलराम यांनी केले. रहीम यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हेही या संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच आणि प्रशिक्षक झाले.

जकार्ता, १९६२

चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या तयारीच्या काळात रहीम फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. तरीही ते संघाबरोबर जकार्ताला गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरवले. त्यानंतर भारताने थायलंडवर ४-१ आणि जपानवर २-० असे विजय मिळवले. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला मार लागून टाके घालावे लागले. रहीम यांनी त्यांना उपांत्य सामन्यात बचावाऐवजी मध्य आघाडीवर खेळवले. ताकद आणि उंचीमुळे जर्नेल प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीवर दडपण आणतील, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला आणि भारताने दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे नमवले.

इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळण्याला भारतीय क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतल्यामुळे यजमान इंडोनेशियात भारताविरुद्ध तीव्र रोष होता. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सेनायन मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या विरोधी घोषणांमध्ये अंतिम सामना झाला. आजारातून नुकतेच उठलेले पीटर थंगराज गोलरक्षक होते, तर जर्नेल पुन्हा आघाडीवर होते. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पहिल्या वीस मिनिटांतच एकेक गोल केला. अखेरीस दक्षिण कोरियाने एक गोल फेडला, मात्र भारताने सामना २-१ असा जिंकला. चुनी गोस्वामी कर्णधार असलेल्या या संघात मुंबईतील क्लबांकडून खेळणारे फॉर्च्युनाटो फ्रँको आणि ओ. चंद्रशेखर हेही होते. १९६३-६४ मध्ये संतोष चषक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व चंद्रशेखर यांनीच केले.

निधन व वारसा

जकार्ताच्या विजयानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी रहीम यांचे निधन झाले.

त्यांनी घडवलेले खेळाडू पुढे काही वर्षे खेळत राहिले. भारत १९६४ च्या आशिया चषकात उपविजेता ठरला आणि १९७० च्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. मात्र १९६० नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही आणि १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालेले नाही. रहीम यांची पद्धत शाळेच्या मैदानापासून राष्ट्रीय संघापर्यंत एका व्यक्तीच्या देखरेखीखाली चालत होती. त्यांच्या पश्चात ती पुढे नेणारी कायमस्वरूपी यंत्रणा उभी राहिली नाही, हे या घसरणीचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार रहीम यांच्या निधनानंतर २२ वर्षांनी, १९८५ मध्ये सुरू झाला. फुटबॉलसाठी तो प्रथम हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन यांना १९९० मध्ये मिळाला. रहीम यांच्या जीवनावर आधारित ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अमित शर्मा दिग्दर्शित या चित्रपटात रहीम यांची भूमिका अजय देवगण यांनी केली आहे.